घरच्या सोडायंत्रावरचा लिंबू सोडा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात आमच्या घरी सोडा तयार करण्याचे यंत्र आले. तेव्हापासून दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा-हिवाळा असे चौदा महिने ते स्वयंपाकघराच्या ओट्यालगत उभे आहे. या काळात त्यावर जे काही केले, ते बहुतेक सगळे लिंबू सोड्यासाठीच केले, त्यामुळे हा अभिप्रायही त्या एका पेयाच्या अंगानेच लिहीत आहे. यंत्र घ्यावे की नाही, असे अनेक परिचितांनी विचारले आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिले. यंत्र आपले काम चोख करते, परंतु लिंबू सोडा चांगला होतो तो पाण्याच्या गारव्यामुळे आणि लिंबाच्या सालीमुळे. या दोन गोष्टींसाठी वेळ काढण्याची तयारी नसेल, तर दुकानातली सोड्याची बाटली आणणेच बरे.

यंत्र घेण्यामागचे कारण आमच्या रविवारच्या जेवणावळीत होते. रंकाळ्याच्या बाजूला घर असल्यामुळे पाहुण्यांचा राबता मोठा आहे. तांबडा-पांढरा रस्सा असला की जेवणाआधी मंडळी तासभर बाहेरच्या खोलीत बसतात आणि त्यांतल्या काहींचे पेले वेगळे भरले जातात. जे मद्य घेत नाहीत, म्हणजे आमचे सासरे, माझी मोठी जाऊ, मुले आणि मी स्वतः, त्यांच्या वाट्याला सकाळीच उघडलेल्या दोन लिटरच्या बाटलीतले गोडमिट्ट शीतपेय येत असे. मद्य न घेणाऱ्या माणसालाही तितक्याच निगुतीने केलेले, बर्फाने घाम सुटलेल्या काचेच्या पेल्यातले, आंबट आणि झणझणीत पेय मिळावे, असे मला मनापासून वाटते. शिवाय मटणाचा रस्सा आणि गोड शीतपेय यांचे कधीच जमत नाही. तिखटावर गोड घेतले की जीभ जड होते, उलट लिंबाचा आंबटपणा आणि सोड्याचा चरचरीतपणा तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतो आणि पुढच्या घासाला चव येते.

कोल्हापुरात लिंबू सोडा मिळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले की सोड्याची गाडी दिसतेच. गोटीच्या बाटलीचा तो आवाज लहानपणापासून ओळखीचा आहे. त्या बाटलीची रचना हिराम कॉड या इंग्रज अभियंत्याची असून तिचे पेटंट १८७२ सालचे आहे. बाटलीतल्या वायूचाच दाब काचेच्या गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो, म्हणून तिला वेगळे बूच लागत नाही आणि गोटी आत ढकलली की सोडा उसळून वर येतो. गाडीवरच्या सोड्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उभ्याने पिण्यासाठी तो उत्तमच आहे. परंतु तो घरी आणता येत नाही, त्यातल्या मसाल्यापुढे लिंबाचा वास मागे पडतो, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ही शंका मुलांना पाजताना मनातून जात नाही.

यंत्र येण्यापूर्वी मी घरी जे प्रयोग केले, तेही सांगितले पाहिजेत, कारण अनेकांचा प्रवास तिथूनच सुरू होतो. पहिला प्रयोग खाण्याच्या सोड्याचा. लिंबाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फेस येतो खरा, परंतु तो लिंबातल्याच सायट्रिक आम्लाला खाऊन येतो. आंबटपणा कमी होतो, त्याच्या जागी सोडियम सायट्रेटची खारट, साबणासारखी चव राहते आणि वायू पाण्यात मुरण्याऐवजी उघड्या पेल्यातून निघून जातो. पोट जड झाले असताना घेण्यासाठी ते ठीक आहे, पाहुण्यांपुढे ठेवण्यासाठी नाही.

दुसरा प्रयोग यीस्टचा, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. साखरेच्या लिंबूपाण्यात चिमूटभर यीस्ट घालून बाटली बंद करून दोन दिवस ठेवली की आपोआप बुडबुडे तयार होतात, अशा कृती सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्यांना सर्रास अल्कोहोलविरहित म्हटले जाते. यीस्ट साखरेतून कार्बन डायऑक्साइड काढते, तेव्हा त्याच क्रियेत अल्कोहोलही तयार होते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे आंबला, तर ८८ ग्रॅम वायू आणि ९२ ग्रॅम अल्कोहोल निघते, म्हणजे वजनाने दोन्ही जवळपास सारखेच. एक लिटर पेयात सहा ग्रॅम वायू हवा असेल, तर त्याबरोबर साधारण तेवढेच अल्कोहोल पेयात उतरणार आणि त्याचे प्रमाण आकारमानाने पाऊण टक्क्याच्या आसपास जाणार. मात्रा थोडी असली, तरी धर्माच्या, औषधाच्या किंवा निश्चयाच्या कारणाने मद्य पूर्ण वर्ज्य केलेल्या माणसाला आपण ते नकळत पाजतो, हे मला पटत नाही. त्यातून आमची एक बाटली मे महिन्यात कपाटातच फुटली आणि तो मार्ग कायमचा बंद झाला.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. सोड्याच्या पाण्याचा जन्मच मुळी मद्याच्या भट्टीत झाला आहे. जोसेफ प्रिस्टली १७६७ साली इंग्लंडमधील लीड्स येथे राहत असताना त्यांनी शेजारच्या भट्टीत आंबत असलेल्या बिअरच्या पिंपावर, तिथे साचणाऱ्या वायूत, पाण्याचे भांडे धरले आणि त्या पाण्याला चरचरीत चव आल्याचे पाहिले. पिंपातला वायू घेतला, मद्य तिथेच ठेवले. घरगुती यंत्र नेमके तेवढेच करते, वायू वेगळा भरून आणते आणि शुद्ध पाण्यात सोडते. मद्याचा अंशही नको असेल, तर हाच मार्ग निर्धोक आहे.

आता यंत्राकडे येते. त्याचे नाव लिहिणे मी टाळत आहे, कारण पुढे ज्या अडचणीबद्दल लिहायचे आहे, ती मला एकाच विक्रेत्याच्या माथी मारायची नाही. अशी यंत्रे रचनेने बरीचशी सारखी असतात. उभ्या खोक्यात मागच्या बाजूला वायूचा सिलिंडर बसतो, पुढे पाण्याची बाटली अडकवायची, वरची कळ दाबली की बारीक नळीतून वायू थेट पाण्यात शिरतो आणि दाब मर्यादेबाहेर गेला की झडपेतून सुटतो. वीज लागत नाही, ही मोठी सोय आहे. माझ्या सिलिंडरमध्ये ४२५ ग्रॅम वायू मावतो आणि त्यात ६० लिटरपर्यंत सोडा होतो, असे वेष्टनावर छापलेले आहे. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक लिटरसाठी एक रेघ मारत गेले. आतापर्यंत चार सिलिंडर संपले आणि त्यांतून अनुक्रमे ४३, ३९, ४१ आणि ४१ लिटर सोडा मिळाला. ६० चा आकडा हलक्या सोड्याचा असावा. लिंबाचा पाक मिसळल्यावरही जिभेला टोचेल इतका कडक सोडा हवा असेल, तर प्रत्येक वेळी झडपेतून जाणारा वायू धरून चाळीसच्या आसपासच हिशेब करावा. विक्रेत्यांनी हे स्पष्ट लिहायला हवे.

पहिल्या आठवड्यात मात्र मला यंत्रच सदोष वाटले होते. कितीही कळ दाबली तरी सोडा सपक होई, बाटली काढताना फुसकन सगळा वायू निघून जाई आणि पेल्यात ओतेपर्यंत पाच-दहा मोठे बुडबुडे तेवढे उरत. दोष पाण्याच्या तापमानाचा होता. मी माठातले पाणी वापरत होते. कार्बन डायऑक्साइड गार पाण्यात विरघळतो आणि पाणी कोमट होत गेले की बाहेर पडतो. हवेच्या नेहमीच्या दाबाला शून्य अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी सुमारे ३.३ ग्रॅम वायू धरते, २० अंशांना १.७ ग्रॅम आणि ३० अंशांना जेमतेम १.३ ग्रॅम. दाब वाढवला की विरघळणारा वायू त्याच प्रमाणात वाढतो, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडले आणि यंत्र त्याच तत्त्वावर चालते. परंतु एप्रिलच्या पाण्यातली तूट दाबाने भरून निघत नाही, वायू मात्र दुप्पट खर्च होतो. त्यानंतर बाटली आदल्या रात्रीच शीतकपाटात ठेवायची, सकाळी तिच्या गळ्याशी बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागला की काढायची आणि लगेच वायू भरायचा, असा नेम केला. कळ एकदम दाबून न धरता तीन वेळा थोडी थोडी दाबावी, मध्ये पाच-सहा सेकंद थांबावे आणि भरलेली बाटली घट्ट झाकण लावून पुन्हा तासभर गार ठेवावी. या तासाभरात वायू पाण्यात नीट मुरतो आणि बुडबुडे इतके बारीक होतात की पेल्यात ते मोत्यांच्या सरीसारखे तळातून वर चढताना दिसतात.

पाणी कोणते, याचाही परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी येते आणि कूपनलिकेचेही. दोन्हींचा सोडा करून, एकाच लिंबाचा रस सारखा मोजून घालून पाहिला. कूपनलिकेच्या पाण्याचा सोडा बोथट आणि किंचित खारट लागला, कारण जड पाण्यातले क्षार लिंबाच्या आम्लाचा काही भाग मारून टाकतात. नळाचे पाणी उकळून, गाळून, गार करून वापरले तेव्हा आंबटपणा स्वच्छ उमटला. ज्यांच्या घरी जलशुद्धीकरण यंत्र आहे, त्यांनी त्याचेच पाणी घ्यावे.

एवढे सगळे जमल्यानंतर मी मोठ्या विश्वासाने लिंबू सोडा केला आणि पहिला पेला सासऱ्यांना दिला. त्यांनी दोन घोट घेतले, पेला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “सोडा झकास झालाय सूनबाई, पण लिंबू कुठं हाय ह्यात?” मला ते लागले, कारण त्या पेल्यात दीड लिंबाचा रस होता. परंतु त्यांचे म्हणणे बरोबर होते. पेयात आंबटपणा होता, लिंबाचा वास नव्हता. लिंबाचा रस हा मुख्यतः पाणी आणि पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल. ज्याला आपण लिंबाचा सुवास म्हणतो, तो सालीवरच्या बारीक ठिपक्यांत असलेल्या तेलाचा असतो. लिंबू चिरताना बोटांना जो वास राहतो तो हाच. आणि नेमकी तीच साल आपण पिळून झाल्यावर टाकून देतो, फार तर पितळी भांडी घासायला ठेवतो.

तेव्हापासून मी सालीपासून सुरुवात करते. कपिलतीर्थ मंडईतून कागदी लिंबे आणताना पिवळी, पातळ सालीची आणि हातात जड लागणारी दहा निवडते. हिरवट लिंबांचा वास उग्र असतो आणि रस कमी निघतो. लिंबे कोमट पाण्यात चोळून धुवावीत, पुसून पूर्ण कोरडी करावीत आणि जायफळाच्या किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवावीत. पिवळा थर तेवढा उतरला पाहिजे, त्याखालचा पांढरा भाग आला की कडवटपणा येतो आणि मग तो कशानेही झाकला जात नाही. हा कीस २०० ग्रॅम साखरेत घालून बोटांच्या चिमटीने चोळायचा. पाच मिनिटांत साखर ओल्या वाळूसारखी होते, तिला फिकट पिवळा रंग चढतो आणि सगळ्या स्वयंपाकघरात लिंबाच्या बागेतून चालल्यासारखा वास पसरतो. साखरेचे टोकदार कण सालीतल्या तेलाच्या पेशी फोडतात आणि ते तेल स्वतःत ओढून घेतात. तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही, पण साखरेला धरून राहते. हे मिश्रण काचेच्या बरणीत झाकून दोन-तीन तास ठेवावे, नंतर त्याच दहा लिंबांचा गाळलेला रस, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, त्यात ओतावा, पाव चमचा सैंधव घालावे आणि साखर विरघळेपर्यंत ढवळून सुती फडक्यातून गाळून घ्यावे. पाक चुलीवर चढवू नये. उष्णतेने सुवास उडतो आणि रसाला शिजल्यासारखी चव येते. लिंबू पिळतानाही जीव खाऊन पिळू नये, बी चिरडली की रस तासाभरात कडवट होतो. पितळेची किंवा ॲल्युमिनियमची भांडी या कामात अजिबात वापरू नयेत.

वरच्या प्रमाणात सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास पाक होतो. २०० मिलिलिटर सोड्याला ३५ मिलिलिटर पाक हे आमच्या घरचे प्रमाण आहे. त्यात एका लिंबाचा रस आणि वीसेक ग्रॅम साखर येते. जाऊबाईंना मधुमेह नाही, तरी त्यांना एवढी साखर जास्त वाटते, म्हणून त्यांच्यासाठी मी १४० ग्रॅम साखरेचा पाक वेगळा करते. त्याहून कमी साखरेत सालीचे तेल नीट उतरत नाही, असा माझा अनुभव आहे. पाक काचेच्या बाटलीत गार ठेवला तर चार दिवस ताजा राहतो, पाचव्या दिवशी वासातला टवटवीतपणा जातो.

मोठ्या दुकानांत मिळणारी जाड सालीची पिवळी परदेशी लिंबेही मी वापरून पाहिली. त्यांची साल किसायला सोपी आहे, वास सौम्य आणि गोडसर आहे. पण त्यांचा रस आपल्या कागदी लिंबाइतका धारदार नाही आणि सोड्याच्या चरचरीतपणापुढे तो दबतो. किंमतही परवडत नाही.

गुळाचा प्रयोग न करता कोल्हापूरकर राहील कसा? आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, घरात तो कायम असतो, आणि लिंबू-गुळाचे पाणी उन्हातून आलेल्या माणसाला द्यायची रीत जुनीच आहे. परंतु सोड्यात गूळ घालू नये, असे मी दोन-तीन प्रयत्नांनंतर निक्षून सांगते. सोडा ओतताच करड्या रंगाचा दाट फेस पेल्यावरून उतू जातो, तो बसेपर्यंत निम्मा वायू निघून गेलेला असतो आणि गुळाचा खमंगपणा लिंबाच्या सालीच्या वासाला पूर्ण झाकून टाकतो. गूळ साध्या पाण्यातच शोभतो.

पेला भरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. पाक आधी, मग बर्फ, शेवटी सोडा. बर्फाचे खडे एकदा गार पाण्याखाली धरून घ्यावेत. फ्रीजरमधून काढलेल्या कोरड्या बर्फाच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे भराभर तयार होतात, पाण्याने तो गुळगुळीत झाला की वायू पेयातच राहतो. सोडा तिरप्या धरलेल्या पेल्याच्या कडेवरून हळू ओतावा आणि लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून एकदाच वर उचलल्यासारखे ढवळावे. वरून मीठ किंवा चाट मसाला भुरभुरवू नये. मिठाच्या प्रत्येक कणावर वायू जमून एकदम उसळतो आणि गाडीवर जो कारंजासारखा फेस पाहून आपल्याला मजा वाटते, तो खरे तर वायू वाया जात असल्याची खूण असते. म्हणूनच सैंधव पाकात विरघळवून घेतले की काम भागते. आणखी एक सूचना यंत्राच्या पुस्तिकेत आहे आणि ती अक्षरशः पाळावी. वायू फक्त साध्या पाण्यातच भरावा. माझ्या भाच्याने उत्साहाने तयार सरबताचीच बाटली यंत्राला लावली, तेव्हा चिकट फेस झडपेपर्यंत चढला आणि नळी साफ करण्यात एक दुपार गेली.

आता तक्रारीबद्दल. पहिला सिलिंडर ऐन मे महिन्यात संपला. यंत्र घेताना रिकाम्या सिलिंडरच्या बदल्यात भरलेला सिलिंडर कोल्हापुरात घरपोच मिळेल, असे मला सांगितले होते आणि पिनकोड टाकल्यावर तसे दिसतही होते. प्रत्यक्षात मागणी नोंदवल्यानंतर आठ दिवस काहीही झाले नाही, नंतर आमच्या भागात ही सेवा तूर्त बंद असल्याचा निरोप आला आणि रिकामा सिलिंडर पुण्याला पाठवण्यास सांगण्यात आले. दोन कुरिअरवाल्यांनी वायूचा सिलिंडर म्हणताच पार्सल घेण्यास नकार दिला. शेवटी पुण्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या घरी आला होता, त्याने तो नेऊन बदलून आणला. या सगळ्यात एकोणीस दिवस गेले आणि उन्हाळ्यातल्या ज्या दिवसांसाठी यंत्र घेतले, त्याच दिवसांत ते रिकामे उभे राहिले. वस्तू विकताना जे आश्वासन दिले, ते मोठ्या शहरांपुरतेच पाळायचे असेल तर तसे आधीच सांगावे, एवढी माफक अपेक्षा आहे. त्यानंतर मी दुसरा सिलिंडर विकत घेऊन ठेवला. कोल्हापुरात राहून हे यंत्र घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन सिलिंडर घ्यावेत, अन्यथा घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पैशांची बचत होते, हा समजही दूर केला पाहिजे. यंत्राला नऊ हजारांच्या घरात खर्च आला. एक सिलिंडर बदलून आणण्यास मला सर्व मिळून सुमारे बाराशे रुपये पडतात, म्हणजे ४१ लिटरच्या हिशेबाने लिटरला २९ रुपये. दुकानात ७५० मिलिलिटर सोड्याची बाटली वीस रुपयांना मिळते, म्हणजे लिटरला २७ रुपयांच्याही आतच. त्यात यंत्राची किंमत धरलेलीच नाही. महिन्यातून एकदा पाहुणे येत असतील, तर दुकानातल्या दोन बाटल्या रात्रभर गार ठेवून त्यात सालीचा पाक मिसळला, तरी पेय उत्तम होते. मधला मार्ग म्हणजे हाताने धरायची सोड्याची सुरई. तिच्यात आठ ग्रॅम वायूची एक लहान कुपी लावली की एक लिटर सोडा होतो, तो बऱ्यापैकी कडकही असतो आणि कुप्या टपालाने विनाअडथळा येतात. मात्र प्रत्येक लिटरमागे एक लोखंडी कुपी कचऱ्यात जाते आणि रोजच्या वापरात ती सर्वांत महाग पडते. यंत्राचा खरा फायदा वेगळा आहे. रोज संध्याकाळी पाच मिनिटांत हवा तेवढाच, हवा तितका कडक आणि ताजा सोडा मिळतो, आणि घरात प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग साचत नाही. ज्या घरात रोज दीड-दोन लिटर सोडा लागतो, त्यांनी ते जरूर घ्यावे. आमच्याकडे उन्हाळ्यात तेवढा लागतो, थंडीत यंत्र आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेले असते.

सिलिंडर कुठे ठेवायचा, याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही आणि त्यापुढे भरलेल्या सिलिंडरमधला दाब वेगाने वाढत जातो. म्हणून यंत्र शेगडीपासून दूर, खिडकीतून ऊन येणार नाही अशा जागी ठेवावे आणि सिलिंडर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कधीही विसरू नये. पुतण्याने तो पुण्याहून आणताना ओल्या पंचात गुंडाळून पायाशी सावलीत ठेवला होता, ते योग्यच होते. यंत्राच्या बाटल्या गरम पाण्याने धुऊ नयेत, कारण त्या उष्णतेने कमकुवत होतात आणि पुढे दाबाखाली फुटण्याचा धोका असतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. बाटलीच्या अंगावर ती कोणत्या महिन्यापर्यंत वापरायची, हेही छापलेले असते. आमच्या दोनपैकी एका बाटलीच्या तळाशी बारीक पांढरी रेघ उमटली आहे. तारीख उलटायला अजून वर्ष आहे, तरी ती बाटली मी बाजूला काढली आणि सध्या तिच्यात जिरे भरून ठेवले आहेत.